वाचनाचं चॅलेंज फेब्रुवारीतच का मोडतं? हुपरीचा काटा लावून बघा

३१ डिसेंबरच्या रात्री फीड उघडलं की एक ठरलेला फोटो दिसतो. टेबलावर पुस्तकांची थप्पी, बाजूला चहाचा कप आणि खाली कॅप्शन, ‘या वर्षी ५२ पूर्ण!’ बघणाऱ्याला वाटतं, आपणही करू. १ जानेवारीला ॲपवर आकडा टाकला जातो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिसरं पुस्तक अर्ध्यावर उलटं पडलेलं असतं आणि ॲप सांगत असतं की तुम्ही ठरल्यापेक्षा तीन पुस्तकं मागे आहात. मार्चमध्ये आपण ॲप उघडणंच बंद करतो.

मग स्वतःला आळशी म्हणायचं, मोबाईलला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या १ जानेवारीची वाट बघायची. पण बहुतेक वेळा गडबड आळसाची नसते, मापाची असते. आपण वाचन ज्या मापानं मोजतोय, ते मापच चुकीचं आहे. हे समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला जाऊया.

पैंजण नगावर मोजत नाहीत

हातकणंगले तालुक्यातलं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी, या गावाचं नाव देशभर आहे. आजूबाजूच्या रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड या गावांतही हे काम चालतं. चांदी आटवण्यापासून तार ओढण्यापर्यंत, कड्या जोडण्यापासून घुंगरू लावून चकाकी आणण्यापर्यंत एक पैंजण कितीतरी हातांतून जातं आणि त्यातले बरेच हात घरातच बसून काम करत असतात.

आता समजा, तुम्ही इथल्या एखाद्या कारागिराला विचारलं, “या महिन्यात किती पैंजण झाले?” प्रश्न कळेल, पण त्याचं उत्तर घेऊन काही उपयोग नाही. बारशाला घालायचे तान्ह्या बाळाचे वाळे आणि लग्नातले भरगच्च पैंजण, दोन्ही एकेक जोडच. नगावर मोजलं तर सारखे. म्हणून चांदीच्या धंद्यात दोन गोष्टी विचारतात: वजन किती आणि टंच किती. वजन म्हणजे माल किती, टंच म्हणजे त्यात शुद्ध चांदी किती.

पुस्तकांचं आपण नेमकं उलटं करतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सव्वाशे-दीडशे पानांत आटपते. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ सातशे पानांच्या पुढं जातं. वार्षिक चॅलेंजमध्ये हेही एक आणि तेही एक. ज्याला डिसेंबरपर्यंत ५२ चा आकडा गाठायचाय, तो ‘मृत्युंजय’ला हात कशाला लावेल? तेवढ्या वेळात चार-पाच बारकी पुस्तकं होतात. म्हणजे वाचन वाढवायला घेतलेलं चॅलेंज जाडजूड, सावकाश वाचायच्या पुस्तकांपासून आपल्याला लांब नेतं. वर्षअखेरीस आकडा भरतो आणि जे पुस्तक कधीतरी वाचायचंच असं दहा वर्षं म्हणत होतो, ते कपाटातच राहतं.

अर्थशास्त्रात या प्रकाराला एक नावही आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना ही गोष्ट मांडली होती: एखादं मोजमाप हेच लक्ष्य करून टाकलं की ते मोजमाप म्हणून बिनकामाचं होतं. तो बँकांबद्दल बोलत होता, पण थप्पीच्या फोटोलाही ते तंतोतंत लागू पडतं.

हे चॅलेंज आलं कुठून?

सध्याच्या चॅलेंजचं घर म्हणजे गुडरीड्स. ही वेबसाइट २००७ च्या सुरुवातीला लोकांसाठी खुली झाली, २०११ पासून तिथं वार्षिक वाचन चॅलेंज सुरू झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉननं ती विकत घेतली. वर्षाच्या सुरुवातीला आकडा टाकायचा, पुस्तक संपलं की नोंद करायची, एक पट्टी भरत जाते. इन्स्टाग्रामवर पुस्तकांचे फोटो टाकणाऱ्यांनी हा आकडा मिरवण्याजोगा केला.

पण ठरवून वाचायचं, ठरल्या दिवसांत संपवायचं, ही गोष्ट मराठी माणसाला कुठल्या ॲपनं शिकवलेली नाही. आपल्याकडं पारायण आहेच की. गावागावांत सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय सात दिवसांत वाचले जातात. घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह होतो. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसतं वेळापत्रक बघा.

गुरुचरित्राच्या सात दिवसांची सर्वात रूढ विभागणी अशी आहे: पहिल्या दिवशी ९ व्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या दिवशी ३५, पाचव्या दिवशी ३८, सहाव्या दिवशी ४३ आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. हिशेब करा. दुसऱ्या दिवशी १२ अध्याय येतात आणि पाचव्या दिवशी फक्त ३! अध्याय लहान-मोठे आहेत, पाचव्या दिवशी येणारा छत्तिसावा तर चांगलाच लांब आहे. ज्यांनी ही वाटणी केली, त्यांनी अध्यायांच्या संख्येला सातानं भागलं नाही. बैठकीचा भार बघितला. नग नव्हे, वजन.

पारायणातली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथं वर्षाचं नाही, आजचं ठरलेलं असतं. आज ३५ व्या अध्यायापर्यंत पोचायचं, बस्स. पाचशे पानांचा डोंगर डोळ्यांपुढं नसतो.

मग आपलं वजन किती?

कागद-पेन घ्या. वर्षाला ५२ पुस्तकं आणि प्रत्येक सरासरी २०० पानांचं धरलं, तर १०,४०० पानं होतात. रोजची २८-२९. एका पानाला दोन मिनिटं लागतात असं धरलं तर रोज जवळजवळ एक तास. रविवारी नाही, जत्रेदिवशी नाही, असं चालणार नाही. ३६५ दिवस. दिवसभर भट्टीपुढं किंवा काउंटरवर उभं राहून आलेल्या माणसाला, किंवा स्वयंपाक आवरून रात्री कड्या जोडायला बसणाऱ्या बाईला, हा तास कुठून आणायचा?

आता १२ पुस्तकं धरा. २,४०० पानं. रोजची साडेसहा. दोन मिनिटांच्या हिशेबानं १३ मिनिटं. एसटीची वाट बघताना, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत किंवा झोपण्याआधी १३ मिनिटं बहुतेकांना काढता येतात. आणि ज्या दिवशी नाही जमत, त्याची उधारी दुसऱ्या दिवशी २६ मिनिटांत फिटते. तासाची उधारी मात्र फिटत नाही, साचत जाते आणि चॅलेंज बुडतं ते याच साचलेल्या उधारीखाली.

दोन मिनिटं हा माझा अंदाज आहे. तुमचा वेग तुम्ही काढा: तुमच्या आवडीचं कुठलंही पुस्तक घेऊन घड्याळ लावून दहा पानं वाचा. कथा आणि वैचारिक लेखन, दोन्हीचा वेग वेगळा येईल. तोही लिहून ठेवा.

म्हणून माझं मत असं, की पुस्तकांच्या आकड्याऐवजी पानं किंवा मिनिटं ठरवावीत. गुडरीड्सचं वार्षिक चॅलेंज पुस्तकांची संख्या मोजतं. स्टोरीग्राफ या ॲपवर मात्र पानांचं किंवा तासांचं लक्ष्यही ठेवता येतं. कुठलंच ॲप नको असेल तर घरातलं दिनदर्शिकेचं पान पुरे, रोजच्या चौकोनात पानांचा आकडा लिहायचा. दूध किती घेतलं हे लिहितो तसंच. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर हे जास्त सोयीचं. ॲपवर एकाच मराठी पुस्तकाच्या दोन-दोन नोंदी सापडतात, एक देवनागरीत आणि एक रोमन लिपीत, आणि पानांचे आकडे आवृत्तीप्रमाणं बदलतात.

एक परवानगी आधीच देऊन ठेवा: पुस्तक सोडून देण्याची. ५० पानं वाचूनही पुढं जावंसं वाटत नसेल तर ठेवून द्या. नगाच्या हिशेबात सोडलेलं पुस्तक म्हणजे शून्य, म्हणून माणूस तीन आठवडे त्याच्याशीच झुंजत बसतो आणि दुसरंही वाचत नाही. पानांच्या हिशेबात ती ५० पानं तुमच्या खात्यात जमा असतात.

टंच: वाचलेलं उरतं किती?

वजन झालं. आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर हाच महत्त्वाचा. गेल्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांपैकी एक आठवा. नाव आठवेल, मुखपृष्ठाचा रंग आठवेल. पण त्यात काय होतं? तुम्हाला त्यातलं काय पटलं, काय खटकलं? बरेच जण इथं अडतात. पुस्तकाला ४०० रुपये आणि आठ-दहा तास घातलेत, आणि हातात उरलंय नुसतं ‘छान होतं’.

विसरणं हा मेंदूचा स्वभाव आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठराविक वेळानं किती लक्षात राहिलं ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरण्याचा सर्वात मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो, नंतर वेग मंदावतो. कादंबरी म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, ती जास्त टिकते. पण उतार तसाच, सुरुवातीला तीव्र.

यावर उपाय काय? पुन्हा वाचणं, असं आपल्याला वाटतं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं तपासलं तर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

पुस्तकाबद्दल लिहायचं ते यासाठी. लाईक मिळोत न मिळोत. पुस्तक मिटून, ते न उघडता, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहायला बसणं हीच ती आठवण्याची कसरत. नावं चुकली तरी चालतील, नंतर पुस्तक उघडून दुरुस्त करा.

‘अप्रतिम, नक्की वाचा’ लिहून काय मिळतं?

परीक्षण म्हटलं की लोक घाबरतात. आपण काय समीक्षक आहोत का? नाही, आणि व्हायची गरजही नाही. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे आहेत हे बरंच आहे. पुस्तक कशाबद्दल आहे हे सांगणं म्हणजे परिचय. ते कसं जमलंय यावर मत देणं म्हणजे परीक्षण. त्यातलं सौंदर्य उलगडून दाखवणं म्हणजे रसग्रहण. आणि त्या लेखनाला साहित्याच्या मोठ्या पटावर ठेवून तपासणं म्हणजे समीक्षा. सोशल मीडियावर लिहिताना परिचयाची दोन वाक्यं आणि परीक्षणाची तीन वाक्यं एवढं जमलं तरी भरपूर झालं.

उदाहरण ‘बनगरवाडी’चंच घेऊ. एक पोस्ट अशी असते: “माडगूळकरांची अप्रतिम कलाकृती. भाषा खूप सुंदर. प्रत्येकानं वाचलंच पाहिजे. ५/५.” यात चूक काहीच नाही, पण हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवता येतं. वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि लिहिणाऱ्याला सहा महिन्यांनी काही आठवत नाही.

दुसरी अशी: “माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. मला आवडलं ते हे, की मास्तर कुणाला सुधारायला निघालेला नाही, उलट वाडीच त्याला हळूहळू आपला करून घेते. मोठं कथानक शोधणाऱ्याला सुरुवात संथ वाटेल. दुष्काळी भागात शिक्षकाची नोकरी केलेल्या कुणालाही हे पुस्तक भेट द्यावं.” पाचच वाक्यं. पुस्तक कशाबद्दल, मला काय लागलं, कुणाला जमणार नाही, कुणाला द्यावं. चौथं वाक्य सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि तेच सगळ्यात कामाचं असतं. फक्त कौतुकच असलेल्या पोस्टवर कुणी ४०० रुपये लावत नाही.

शेवटी वाडीचं काय होतं, ते वहीत जरूर लिहा, पोस्टमध्ये नको. वही तुमच्यासाठी आहे, पोस्ट न वाचलेल्यांसाठी.

काही बारीक पथ्यं आहेत. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव लिहा, आपल्याकडं ते सर्रास गळतं. प्रकाशक लिहा, नाहीतर कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. पुस्तक लेखकानं किंवा प्रकाशकानं फुकट पाठवलं असेल तर तसं सांगा. एखादं वाक्य उद्धृत केलंत तर पान क्रमांक द्या.

आणि कमेंटमधला दुसरा हमखास प्रश्न: “पीडीएफ आहे का?” भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या ५२ व्या कलमानुसार परीक्षणासाठी एखादा छोटा उतारा देणं चालतं. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकणं चालत नाही. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळं १९३५ ची ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. पण परवा आलेल्या कादंबरीची पीडीएफ म्हणजे सरळ चोरी. मराठी लेखकाला पुस्तकातून मिळतं ते आधीच मोजकं असतं.

पुस्तकं आणायची कुठून?

दर महिन्याला नवं पुस्तक विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. या बाबतीत हुपरीकर नशीबवान आहेत. जवळच इचलकरंजीत आपटे वाचन मंदिर आहे, १८७० चं. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० चं. एवढंच नव्हे, कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला.

वाचनालयाचा एक फायदा कुणी मोजत नाही: परत करायची तारीख. विकत घेतलेलं पुस्तक वर्षानुवर्षं वाट बघतं, वाचनालयाचं बघत नाही. ॲपच्या नोटिफिकेशनपेक्षा शिक्का मारलेल्या तारखेचा धाक जास्त असतो.

वाचनालय लांब पडत असेल तर चार घरं मिळून पेटी फिरवता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना याच तत्त्वावर चालते: २५ पुस्तकांची पेटी एका गटाला द्यायची, गटानं ती आपसात वाचायची, मग पेट्यांची अदलाबदल. भिशी चालवणाऱ्या गावांना हे शिकवायला नको. भिशीत पैसे फिरतात, इथं पुस्तकं. आणि ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं आतल्या पानावर पाच ओळींची चिठ्ठी ठेवली, तर पुढच्याला परीक्षण आयतं मिळतं.

यंदा काय वाचावं? एक पंचक्रोशी चॅलेंज

इंग्रजी चॅलेंजमध्ये विषय दिलेले असतात: निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक वाचा, एका बैठकीत संपणारं वाचा वगैरे. त्याऐवजी हे करून बघा: फक्त कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेले लेखक. बारा महिन्यांना पुरून उरतील.

सुरुवात अगदी शेजारून. शंकर पाटील हे हुपरीला लागून असलेल्या पट्टणकोडोलीचे. ‘वळीव’ हा कथासंग्रह घ्या, एका बसण्यात एक कथा होते, सवय मोडलेल्यांसाठी उत्तम. नंतर त्यांचीच १९६४ ची ‘टारफुला’. पाटील गेल्यावर गावाची घडी कशी विस्कटते याची ही कादंबरी आहे आणि तिचा नायक एक माणूस नाही, गाव आहे. पुढं कागलचे आनंद यादव. शाळेसाठी बापाशी आणि शेताशी झगडणाऱ्या पोराची ‘झोंबी’ १९८७ मध्ये आली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पानं जास्त आहेत, तिला दोन महिने द्या. हाच फायदा वजनाच्या हिशेबाचा, घाई नाही.

मग आजऱ्याचे शिवाजी सावंत, कोवाडचे रणजित देसाई, गडहिंग्लज भागातले राजन गवस. ‘मृत्युंजय’ घ्यायचं असेल तर पावसाळ्यात घ्या, रोज साडेसहा पानांनी साडेतीन-चार महिने लागतील.

एक जोडी मात्र लागोपाठ वाचा. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आणि पन्हाळा तालुक्यातले कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. पहिलीला १९९२ चा आणि दुसरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. दोन्ही कादंबऱ्या धरणानं उठवलेल्या माणसांच्या. मध्ये तीस वर्षांचं अंतर. पहिलीची चिठ्ठी लिहून झाल्याशिवाय दुसरी उघडू नका. दुसरी संपली की तिची चिठ्ठी लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून, तीस वर्षांत धरणग्रस्तांबद्दल लिहिण्याची रीत कुठं बदलली आणि कुठं तशीच राहिली, एवढ्या एका प्रश्नावर पोस्ट करा. त्या पोस्टला थप्पीचा फोटो लागणार नाही.